सोडायची वेळ, न्यायची वेळ : बालवर्गातल्या नव्या शिक्षकांसाठी

बालवर्गात नव्यानं रुजू झालात की पहिल्या आठवड्यात तुम्हाला गाणी, खेळ, वेळापत्रक, सामानाची कपाटं सगळं दाखवतात. दारात काय करायचं ते बहुधा कुणी सांगत नाही. पालकांशी नातं म्हटलं की डोळ्यांपुढे पालकसभा येते, आणि ती वर्षातून दोन-चारदा होते. मुलाला सोडायला आणि न्यायला मात्र घरचं कुणीतरी रोज येतं. वर्ग वर्षाला दोनशे दिवस भरत असेल तर एकेका घराशी चारशे भेटी होतात. अडचण एवढीच, की यातली एकेक भेट जेमतेम मिनिटभराची असते, आणि तीही गर्दीत. एकाच्या बुटाचा पट्टा निघत नसतो, दुसरा बाबांच्या पायाला मिठी मारून रडत असतो, तिसरीची आई घड्याळ बघत असते.

त्या मिनिटात पालक एकच गोष्ट चाचपत असतात : इतक्या मुलांत माझ्या मुलाकडे कुणाचं लक्ष आहे का? हे असं कुणी विचारत नाही. विचारतात, "नीट खाल्लं का?" किंवा "त्रास नाही ना दिला?" पण तुमच्या उत्तरात ते शोधतात हेच. त्याचं उत्तर रोज थोडं थोडं कसं द्यायचं, ते पुढे सांगतो.

आधी : मूल यायच्या आत

प्रवेशाचा अर्ज भरून झालेला असतो, पण त्यात जन्मतारीख आणि लसी असतात. दारात उपयोगी पडणारी माहिती वेगळी. शक्य असेल तर मूल येण्याआधी पालकांशी पंधरा-वीस मिनिटं निवांत बोला आणि साध्या शब्दांत विचारा : घरी काय म्हणून हाक मारता? रडू आलं की काय केल्यावर शांत होतो? कशाला घाबरतो? तहान लागली, शू लागली, झोप आली की कुठले शब्द वापरतो? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. घरातले शब्द प्रत्येक घराचे वेगळे असतात आणि दोन वर्षांचं मूल ते तुम्हाला समजावून सांगत बसत नाही.

पालकांनाही विचारा की त्यांना काय म्हणून हाक मारलेली आवडेल. वर्षभर "अमक्याची आई" म्हणून वावरणाऱ्या बाईला कुणी नावानं बोलावलं तर फरक पडतो. आणि न्यायला कोण कोण येणार, त्यांची नावं, फोन आणि फोटो याच वेळी घ्या. कुणाच्या ताब्यात मूल द्यायचं नाही असं असेल तर तेही लेखी घ्या. हा प्रश्न नंतर दारात, चार लोकांसमोर विचारणं दोघांनाही जड जातं.

रुळण्याचे दिवस

साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलं जवळच्या माणसापासून दूर व्हायला विरोध करू लागतात. दीड वर्षापर्यंत हा विरोध सगळ्यात तीव्र असतो. पुढे कमी होतो, पण नवी जागा, नवी माणसं आली की तीन वर्षांच्या मुलातही पुन्हा डोकं वर काढतो. म्हणजे पहिल्या दिवशी रडणारं मूल हट्टी नसतं आणि त्याचे पालकही कुठे चुकलेले नसतात. पालकांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. अनेकांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरतो.

जर्मनीत १९८० च्या दशकात मुलांना रुळवण्याची एक पद्धत तयार झाली, ती 'बर्लिन पद्धत' म्हणून ओळखली जाते. तिच्यात पहिले तीन दिवस पालक मुलाबरोबर वर्गात थोडा वेळ थांबतात आणि मुलाला सोडून जायचा प्रयत्नच होत नाही. चौथ्या दिवशी पालक सांगून बाहेर जातात. मूल शिक्षकाच्या हातून शांत होत असेल तर फार तर अर्ध्या तासानं परततात. होत नसेल तर दोन-चार मिनिटांतच परत येतात आणि सोबत थांबण्याचे दिवस वाढवतात. चौथा दिवस सोमवार असेल तर सोडून जाणं एक दिवस पुढे ढकलतात, कारण सुट्टीनंतर मूल पुन्हा घराच्या सवयीत गेलेलं असतं. मला ही बारीकशी अट फार आवडते. मुलं खरोखर बघितलेल्या माणसांनी नियम केले की ते असे होतात.

तुमच्या शाळेत एवढी सोय नसेलही. पण तत्त्व उचलता येतं : मूल तुम्हाला पहिल्यांदा जोखतं ते आपलं माणूस शेजारी असताना. म्हणून पहिल्या दिवसांत पालक वर्गात असतील तर त्यांना अडगळ समजू नका. त्यांना एका कोपऱ्यात ठराविक जागा द्या आणि काम सांगा : "तुम्ही इथे बसा. ती तुमच्याकडे आली तर जवळ घ्या, पण तुम्ही होऊन खेळायला नेऊ नका, ते मी करते." काय करायचं ते माहीत नसलं की पालक मुलाला ढकलत राहतात, "जा ना, खेळ ना," आणि मूल आणखी चिकटतं.

बसल्या बसल्या पालकही तुम्हाला जोखत असतात हे विसरू नका. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी रडक्या मुलाशी कसं बोललात, हे त्या कोपऱ्यातून फार स्पष्ट दिसतं.

सकाळ

मुलं येण्याआधी वर्ग मांडून ठेवा. खेळणी काढायची, पाणी भरायचं, कागद कापायचे ही कामं दार उघडल्यावर करत असाल तर पालकांना तुमची पाठच दिसणार. वर्गात दोघं असाल तर आधीच ठरवा की दारात कोण आणि आत कोण. शक्यतो रोज तेच माणूस दारात असू द्या, निदान पहिले काही आठवडे.

आता प्रश्न येतो आधी कुणाशी बोलायचं, मुलाशी की पालकांशी. बहुतेक नवे शिक्षक थेट मुलावर झडप घालतात : "अगं बाई, कोण आलं!" बुजरं मूल लगेच मागे सरतं. माझं मत असं, की आधी पालकांकडे बघून मनापासून हसा, त्यांना नावानं हाक मारा, आणि मग गुडघ्यावर बसून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर या. यामागे कारण आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. काचेखाली एका जागी खड्ड्यासारखं खोल दिसत होतं आणि पलीकडे आई उभी होती. आईच्या चेहऱ्यावर आनंद असताना १९ पैकी १४ बाळं रांगत पलीकडे गेली. आईनं भीतीचा चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. नवी जागा सुरक्षित आहे की नाही, हे मूल आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरून वाचतं. तुमच्या वर्गाचा उंबरा म्हणजे रोजचा तसाच खड्डा. तुम्हाला भेटून आईचा चेहरा सैलावला, तर अर्धं काम झालं.

मग एकच प्रश्न विचारा, पण उत्तर ऐकायच्या तयारीनं : "रात्री झोप कशी झाली?" किंवा "आज काही वेगळं?" पाहुणे आलेत, बाबा प्रवासाला गेलेत, रात्री खोकला होता, ही माहिती तुम्हाला दिवसभर पुरते. "कसं काय, ठीक?" असं विचारलंत तर "ठीक" असंच उत्तर येतं.

त्यानंतर मुलासाठी कालचा धागा. "काल तू बांधलेला बोगदा मी मोडला नाहीये, बघायचा?" हे वाक्य मुलाला आत ओढतं, आणि शेजारी उभ्या पालकांना कळतं की काल कुणीतरी तो बोगदा पाहिला होता.

निरोप छोटा आणि रोज एकाच क्रमानं व्हावा : पिशवी अडकवायची, मिठी, एक वाक्य, टाटा, आणि पालक निघाले. कधी परत येणार ते मुलाच्या घड्याळात सांगायला पालकांना सुचवा. "चार वाजता" याचा तीन वर्षांच्या मुलाला काही अर्थ नसतो. "तुमचं जेवण होईल, झोप होईल, गोष्ट होईल, की मी येईन" याचा असतो. रडणाऱ्या मुलाला पालकांच्या कडेवरून ओढून घेऊ नका. हात पुढे करा आणि पालकांना मूल तुमच्याकडे द्यायला सांगा. मुलाच्या लेखी हा फरक मोठा आहे : आईनं आपण होऊन मला या माणसाकडे दिलं.

काही पालक मुलाचं लक्ष नाही असं बघून हळूच सटकतात. सकाळ शांत जाते, त्यामुळे शिक्षकांनाही ते सोयीचं वाटतं. तरी हे होऊ देऊ नका. आई कधीही, न सांगता नाहीशी होऊ शकते हे एकदा कळलं की मूल खेळायचं सोडून दारावर पहारा देऊ लागतं. पालकांना टोचून न बोलता सांगता येतं : "तुम्ही सांगून गेलात तर ती रडेल, पण मला तिला सांभाळता येईल. न सांगता गेलात तर ती दिवसभर शोधत राहते." आणि तुमच्याकडून "आई इथेच बाहेर बसलीये" असली थाप कधीही नको. त्यापेक्षा "आई कामाला गेली, तुला वाईट वाटतंय. मी आहे तुझ्याजवळ" हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

पाय निघत नसलेले पालकही भेटतील. तीनदा निरोप घेऊन चौथ्यांदा खिडकीतून बघणारे. त्यांना "जा आता" म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या मनात ते वर्षभर राहतं. त्याऐवजी त्यांना निघायला कारण द्या : "तुम्ही निघा, वीस मिनिटांत तुम्हाला कळवते." आणि खरंच कळवा. "रडणं थांबलं, माझ्या मांडीवर बसून चित्रं बघतोय," एवढा मेसेज पुरतो. अजून रडत असेल तर तसंच लिहा, गोड करून लिहू नका. पालकांना एकदा जरी खोटेपणा जाणवला तर पुढचे सगळे चांगले निरोप फुकट जातात. हा मेसेज मदतनीस मावशींना किंवा ऑफिसला पाठवायला सांगा, मुलांमध्ये बसून तुम्ही फोन घेऊ नका. सगळ्यांना रोज पाठवायची गरज नाही. पहिल्या आठवड्यांत, रडत राहिलेल्यांपुरतं.

घाईत मूल ठेवून पळणाऱ्या पालकांबद्दल मनात मत बनवायची घाई करू नका, एवढंच.

दिवसभर : प्रत्येकासाठी एक वाक्य

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि ते दारात होत नाही, वर्गात होतं. संध्याकाळी पालकांना द्यायला प्रत्येक मुलाचं एक वाक्य तुमच्याकडे असलं पाहिजे. "छान होता आज" हे वाक्य नव्हे. ते कुठल्याही मुलाबद्दल, कुठल्याही दिवशी म्हणता येतं, त्यामुळे ते मूल तुम्ही पाहिल्याचा पुरावा त्यात काहीच नसतो. हे पाहा :

"आज दोन ठोकळ्यांवर फळी ठेवत होता. तीनदा पडली. चौथ्यांदा टिकली तेव्हा ओरडून सगळ्यांना बोलावलं."

"शेजारचा मुलगा रडत होता, तर हिनं आपला रुमाल नेऊन दिला आणि काही न बोलता परत येऊन बसली."

"बागेत मुंग्यांची रांग सापडली. आम्ही सगळे निघालो तरी हा उठेना."

यात कौतुकाचा एकही शब्द नाही. हुशार, गुणी, शहाणा असली विशेषणं टाळलेलीच बरी. उद्या फळी टिकली नाही तर काय म्हणणार? पाहिलेलं जसंच्या तसं सांगितलं की कौतुक पालक स्वतः करतात, आणि घरी जाताना मुलाशी बोलायला त्यांना विषय मिळतो. "आज शाळेत काय केलं?" या प्रश्नाला जगभरची मुलं "काही नाही" म्हणतात. "मुंग्या कुठे चालल्या होत्या रे?" याला उत्तर येतं.

इतकं लक्षात राहत नाही. खिशात छोटी वही ठेवा, तिच्यात मुलांच्या नावांची यादी, आणि दिसेल तेव्हा दोन शब्द : "फळी–४". दुपारी मुलं झोपली की यादीवर नजर टाका. कुणाच्या नावापुढे काहीच नाही? बहुधा तेच मूल, जे भांडत नाही, रडत नाही, पसारा करत नाही. उरलेला वेळ त्याच्याकडे बघा. पालकांसाठी सुरू केलेल्या या वहीचा खरा फायदा असा भलतीकडेच होतो.

खाणं, झोप, शी-शू यांची माहिती तीन वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना लागतेच. ती फळ्यावर किंवा मुलाच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे बोलायचं मिनिट त्यात जात नाही.

एक नाजूक प्रसंग : बाळानं पहिलं पाऊल तुमच्यासमोर टाकलं तर? काही शिक्षक ते सांगत नाहीत, म्हणजे पहिलं पाऊल घरी पाहिल्याचा आनंद पालकांना मिळतो. काही म्हणतात, लपवणं बरोबर नाही. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. म्हणून सुरुवातीच्या गप्पांतच विचारून ठेवावं, "असं काही इथे आधी घडलं तर सांगू का?" उत्तरं फार वेगवेगळी येतात.

न्यायची वेळ

सगळ्यांचं लक्ष सकाळच्या रडण्यावर असतं, पण मला न्यायची वेळ जास्त बोलकी वाटते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी एक ते दीड वर्षाच्या मुलांसाठी वीसेक मिनिटांचा एक प्रसिद्ध प्रयोग रचला होता. आई अनोळखी खोलीतून दोनदा बाहेर जाते आणि परत येते. मूल आईशी कसं जोडलेलं आहे हे ठरवताना त्यांनी मुख्य भर दिला तो आई गेल्यावर मूल किती रडतं यावर नव्हे, ती परत आल्यावर ते काय करतं यावर.

वर्गात हे वेगवेगळ्या रूपांत दिसतं. दिवसभर हसत खेळलेलं मूल बाबांना बघताच भोकाड पसरतं. दुसरं मान वर करूनही बघत नाही. तिसरं पळून टेबलाखाली बसतं, "मला घरी नाही जायचं." पालक ओशाळतात, कधी दुखावतात. अशा वेळी "दिवसभर तर एकदम मजेत होता हं!" हे तुमचं वाक्य त्यांना असं ऐकू येतं, की तुम्ही आल्यावरच बिघडलं. त्याऐवजी सांगा : "दिवसभर धरून ठेवलेलं आता तुमच्यापाशी सुटतंय. आपल्या माणसाजवळच असं सुटतं." आणि न बघणाऱ्या मुलाच्या बाबांना : "हातातलं काम मोडवत नाहीये त्याला. दोन मिनिटं शेजारी बसता का?"

आधी त्यांची भेट होऊ द्या. पालक दारात दिसताच दिवसाचा अहवाल सुरू करू नका, एक पाऊल मागे राहा. मिठी झाली, मुलानं काहीतरी दाखवलं, की मग तुमचं वाक्य. तेही मुलाच्या डोक्यावरून नव्हे. "सांगू का आईला फळीचं? की तू सांगतोस?" मूल समोर असताना त्याच्याबद्दल ते नसल्यासारखं बोललं जातं, ही मोठ्यांची सवय दारात सगळ्यात जास्त दिसते.

याच वेळी मुलं उंडारतात. शिक्षक आणि पालक दोघं समोर, त्यामुळे नियम कुणाचा ते कळत नाही. तुम्हाला वाटतं, आता आई आलीये, ती बघेल. तिला वाटतं, वर्ग ताईंचा आहे, मी कसं बोलू. आणि मूल तेवढ्यात टेबलावर चढलेलं असतं. पालकांशी एकदा ठरवून टाका : मूल तुम्हाला टाटा करेपर्यंत ते तुमच्या ताब्यात, टाटा झाला की त्यांच्या. मुलांनाही ते दोन-तीन दिवसांत कळतं.

वाईट बातमी

मूल पडलं, कुणी चावलं, ओरखडा आला, तर पालकांनी तो दारात पहिल्यांदा पाहता कामा नये. आधी फोन करा, लहानसं असलं तरी. काय झालं, तुम्ही काय केलंत, आता कसं आहे, या क्रमानं बोला. चावणाऱ्या मुलाचं नाव सांगू नका, कितीही विचारलं तरी. "ते मी सांगू शकत नाही, पण पुन्हा होऊ नये म्हणून काय करतोय ते सांगते" असं म्हणा, आणि मग खरोखर ते सांगा : जागा बदलली, की त्या वेळी जवळ कुणी बसतं, की तशीच दोन खेळणी ठेवली.

वागणुकीचा, बोलण्याचा किंवा वाढीचा प्रश्न मात्र दारात काढूच नका. इतर पालक ऐकत असतात, मूल ऐकत असतं, आणि समोरच्याला उत्तर शोधायला वेळ नसतो. वेळ मागतानाही "एकदा तुमच्याशी बोलायचं होतं" एवढंच म्हणून सोडू नका, त्या घरात रात्रभर कुणाला झोप लागत नाही. विषय आणि वेळ दोन्ही सांगा : "इतर मुलांबरोबर खेळताना तो काय करतो त्याबद्दल बोलूया, गुरुवारी पंधरा मिनिटं जमेल?" खरंच काळजीचं असेल तर "काळजीचं काही नाही" म्हणू नका.

आधीचे दोन महिने रोज वाक्य मिळालेले पालक अशा भेटीला वेगळ्या मनानं येतात. तुम्ही त्यांच्या मुलाला ओळखता हे त्यांना तोवर माहीत झालेलं असतं.

आई-बाबा दारात येतच नसतील तर

कित्येक मुलांना आजी सोडते, आजोबा नेतात, किंवा शाळेची गाडी आणते. जो येतो त्याच्याशी नातं जोडा. आजोबांना "आईला सांगा" म्हणून निरोप्या करू नका, ते वाक्य त्यांनाही सांगा. ते अनेकदा घरी ते जास्त रंगवून सांगतात. गाडीनं येणाऱ्या मुलाच्या वहीत आठवड्यातून दोनदा तरी दोन ओळी लिहा आणि पालकांना सोयीची वेळ विचारून अधूनमधून फोन करा, काही घडलेलं नसतानासुद्धा. शाळेचा फोन म्हणजे संकट, ही धास्ती त्यानं मोडते.

पालक वेगळे राहत असतील तर दोघांना सारखंच सांगा, आणि एकाचा निरोप मुलाकरवी दुसऱ्याला पाठवू नका. पालकांची भाषा तुम्हाला येत नसेल तर नमस्कार, झोप, जेवण, ताप, उद्या असे पाच-सहा शब्द शिकून घ्या. वाक्याच्या जागी फळीचा फोटो दाखवा. गंभीर बोलायचं असेल तेव्हा दुभाषी म्हणून मोठं माणूस बोलवा, मोठ्या भावंडाला त्यात ओढू नका.

न्यायला अनोळखी कुणी आलं तर यादी आणि फोटो बघितल्याशिवाय, यादीत नसेल तर पालकांशी फोनवर बोलल्याशिवाय मूल देऊ नका. मूल "मामा!" म्हणत धावलं तरी. त्या मामांना आधी राग येईल. "तुमच्या भाचीसाठीच करतोय" असं म्हणून थांबवा, बहुतेकांचा राग तिथेच उतरतो. उशीर करणाऱ्या पालकांबद्दल मुलासमोर चकार शब्द नको. मुलाला एखादं काम द्या, खडू गोळा करणं, झाडांना पाणी. वारंवार होत असेल तर तो विषय वेळ ठरवून बोलायचा.

आणि तुम्ही रजेवर असाल तेव्हाचं. बदली शिक्षकासाठी दारामागे एक कागद लावून ठेवा. त्यावर मुलांची घरातली हाकेची नावं, प्रत्येकाच्या निरोपाचा क्रम, कोणाला कोण न्यायला येतं, आणि सध्या सकाळी कोण रडतं एवढं असू द्या. आदल्या दिवशी पालकांनाही सांगा की उद्या दारात दुसरं कुणी असेल आणि त्यांचं नाव काय. परत आल्यावर वही बघा. बदली शिक्षकानं तिच्यात काही लिहिलं असेल तर सकाळी त्यातूनच सुरुवात करा.